डायनासोरच्या मेंदूचा कोर

सायखेड्याचा सातवी शिकलेला नाथा सातपूरच्या एका फाउंड्रीत चिकटला, तो एकतीस वर्षांनी रिटायर होऊनच बाहेर पडला. काम एकच, कोर बनवायचे. आता कोर म्हणजे काय, तर पंप आतून पोकळ हवा असेल तर लोखंड ओतण्याआधी साच्यात त्या पोकळीच्या मापाचा वाळूचा गोळा ठेवावा लागतो. लोखंड निवलं की वाळू फोडून काढून टाकायची. म्हणजे बघा, नाथाने जन्मभर जे बनवलं ते फोडून टाकण्यासाठीच. त्याला मिरवायला एवढंच होतं की इतक्या वर्षांत त्याचा एकही कोर तपासणीतून परत आला नव्हता.

द्वारका चौकाजवळच्या त्याच्या गल्लीत स्नेहा मॅडम राहत. शाळेत विज्ञान शिकवत. एका रविवारी त्या खोकं घेऊन आल्या. आत टी-रेक्सच्या कवटीचा मेंदूभोवतीचा भाग, प्लास्टिकची नक्कल, मधोमध उभी चिरलेली.

"नाथाकाका, मेंदू सडून जातो, पण कवटीतली पोकळी राहते," मॅडम म्हणाल्या. "तिच्यात गाळ शिरून दगड झाला की आतला आकार आयता मिळतो. शुक्रवारच्या प्रदर्शनाला मला तसा आकार हवाय, प्लास्टरचा."

"म्हंजे मातीनंच कोर मारला म्हणायचा," नाथा म्हणाला आणि त्याची कळी खुलली.

"मारा, पण ते मुंडकं माझ्या ओट्यावर ठेवायचं नाय," आतून त्याची बायको सिंधुबाई म्हणाल्या.

नाथाने पोकळीला तेलाचा हात फिरवला, दोन्ही अर्धुकं दोरीने आवळली, प्लास्टर ओतलं. दुसऱ्या दिवशी उघडलं तर आतून वीतभर लांबोडका, वाकडातिकडा मेंदू निघाला. पुढे दोन फुगीर गोळे, आणि दोन्ही अंगांना बारीक बारीक खुंट. कवटीच्या भोकांत शिरलेलं फालतू प्लास्टर, नाथाने ठरवलं. फाउंड्रीत असलं काही कोरवर राहिलं तर सुपरवायझर तोंड वाजवायचा. नाथाने कानस काढली, खुंट घासले आणि वरून पॉलिश पेपर फिरवला. मेंदू कसा गुळगुळीत झाला.

बुधवारी मॅडमनी तो हातात घेऊन उलटासुलटा केला.

"काका, बाजूचे खुंट?"

"घासले. भोकातलं प्लास्टर होतं ते."

"अहो, त्याच भोकांतून नसा बाहेर जायच्या. कुठली डोळ्याकडे, कुठली जबड्याकडे. खुंट किती जाड, त्यावरून नस केवढी त्याचा अंदाज येतो." मग त्याचा चेहरा पाहून म्हणाल्या, "राहू द्या हो. वास घेणारे पुढचे गोळे झकास आलेत. कुणाला कळणार आहे?"

"परत आला म्हणा की."

"मी नेतेय ना?"

"रिजेक्ट माल गेटाबाहेर जात नसतो, मॅडम." नाथाने मेंदू घेतला, अंगणात नेला आणि हातोडीच्या दोन घावांत त्याचे तुकडे केले.

"लागला डाग एकदाचा," सिंधुबाई म्हणाल्या. "आता तरी जेवायला या."

जेवण झाल्यावर त्याने दुसरा ओतला. त्याआधी कानस सिंधुबाईंच्या हवाली केली, कारण हाताचा भरवसा नव्हता. गुरुवारी साचा उघडला, तेव्हा सगळे खुंट जागेवर होते.

शुक्रवारी मॅडमनी त्याला टेबलाशी उभं केलं. एका पालकाने विचारलं, "एवढ्या धुडाला एवढासा मेंदू? मग ढच असणार."

"तसं नाही सांगता येत," मॅडम म्हणाल्या. "कुणी म्हणतं माकडाइतका हुशार, कुणी म्हणतं मगरीइतका. शिवाय मोठ्या मगरीचा मेंदू कवटीतली पोकळी पुरती भरतही नाही. याचा किती भरत होता, यावर अजून वाद आहे."

पालक नाथाकडे वळले. "तुम्ही बनवलाय ना? तुम्हाला काय वाटतं?"

"जागा केवढी होती ते मी सांगीन," नाथा म्हणाला. "जागेत काय होतं ते कोर सांगत नाय. हे खुंट बघा, हे नसांचे. पहिल्या कोरचे मी घासून टाकले होते. एकतीस वर्षांत तो माझा पहिला रिजेक्ट."

पालक मान हलवून पुढच्या टेबलाकडे गेले. नाथाने मेंदू थोडा फिरवला आणि खुंटांची बाजू लोकांकडे केली.