कांद्याच्या मुळातले सूत आणि फळ्यावरचे असत्य

आषाढ शुद्ध नवमी: वाचनालयाच्या अध्यक्षांकडे कांदाभजी झाली, मीही खाल्ली. श्रावणातला दुसरा शनिवार: माझ्या मुलीस वाचनालयाच्या दारात अडवले, जबाबदार, चिटणीस. लगेचचा रविवार: फळ्यावर असत्य लिहिले, जबाबदार, अध्यक्ष व चिटणीस उभयता.

मुलगी अमळनेरला जीवशास्त्र शिकत होती. आमच्या धरणगावच्या त्या दालनात व्याख्यान देणारी ती पहिली स्त्री ठरणार होती. विषय होता मायटोसिस, म्हणजे एका पेशीच्या दोन होणे. प्राध्यापकांचा सूक्ष्मदर्शक मांडीवर सांभाळत ती गाडीने आली. पिशवीत, पाण्यावर ठेवून मुळे फुटलेला एक कांदा.

वाचनालयाची आणि राममंदिराची भिंत एकच. शिपायाने हात आडवा केला.

"नाना, बठ्ठासले आत येवाले मोकळं शे, फक्त कांदाले नही. चातुर्मास शे, चिटणीससाहेब म्हणतस."

"कोणत्या कलमान्वये?" मी विचारले. नियमावली मीच लिहून दिली होती. तीत कांद्याचा उल्लेख नाही.

"नाना, भांडण मागून," मुलगी म्हणाली. "ऊन जाईल, सूक्ष्मदर्शकाला उजेड लागतो."

तिने समोरच्या ओट्यावर यंत्र मांडले. मुळाचे टोक कापले, रंगवले, काचेखाली दाबले. मी डोळा लावला तो काढवेना. एका पेशीत तांबडे धागे मधोमध गोळा झालेले. शेजारच्या पेशीत तेच दोन टोकांकडे ओढले गेलेले.

"नाना, मागे रांग आहे."

ती सांगू लागली: एका जर्मन शास्त्रज्ञाने पेशी रंगवून हे धागे पाहिले. मागावरच्या उभ्या धाग्याला, आपल्या ताण्याला, ग्रीक लोक मिटोस म्हणत. त्यावरून त्याने हे नाव दिले. कापसावर जगणाऱ्या आमच्या गावाला त्या दिवशी कळले की अंगातही अखंड सूत ओढले जाते. माणसे पाहून पुन्हा रांगेत शिरत होती.

शेवटी चिटणीस स्वतः आले. बराच वेळ पाहिले.

"हे फक्त कांद्यात असतं?"

"तुमच्यातही असतं, काका."

"चातुर्मासातही चालतं?"

"एकादशीलासुद्धा."

रांग हसली, तेही हसले. दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिले होते: 'वक्त्या गैरहजर राहिल्याने व्याख्यान झाले नाही.' वार्षिक अहवालातही हेच छापले. माझ्या पत्रांना उत्तर नाही.

म्हणून चिटणीसांनी सर्व सभासदांसमोर उभे राहून सांगावे: जी गैरहजर होती, तिला त्यांनी ते दोन प्रश्न विचारले कसे?