रेषेवरचा आपला माणूस

वामन गजभिये यांच्यावर अन्याय झाला. संक्रांतीनंतरच्या पहिल्या रविवारी, दुपारी चार वाजायला पाच मिनिटं कमी असताना, जयपूरच्या आमच्या रेल्वे कॉलनीच्या मैदानावर, सगळ्या कॉलनीच्या डोळ्यांसमोर. करणाऱ्यांची नावं पुढे येतील. त्यातलं एक या लेखाखाली छापलेलं आहे, तिथून सुरुवात करा.

काका गेल्याचं कळलं ते नौतप्यात. मे महिन्याच्या शेवटच्या भाजून काढणाऱ्या नऊ दिवसांना इथे तसं म्हणतात. बनी पार्कातल्या आमच्या संघटनेच्या खोलीत मी पाण्याच्या प्रश्नावरची पत्रकं दुमडत बसले होते. आईचा फोन आला. "सुजू, गजभिये काका गेले गं. पहाटे. झोपेतच." मी विचारलं, "नक्की झोपेतच?" आई म्हणाली, "तुला मेलेल्या माणसाचाही संशय येतो का?" तिने फोन ठेवला. मी उरलेली पत्रकं दुमडली. काय करायचं ते सुचत नव्हतं... म्हणून दुमडत राहिले.

काका माझे नात्याने कोणी नव्हते. बाबा आणि ते एकाच वर्षी बदलीवर इथे आले, दोघेही भंडाऱ्याकडचे, क्वार्टर्सची भिंत एक. काका पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारे, होते; निवृत्त होऊनही कॉलनीतच भाड्याच्या खोलीत राहिले. कबड्डी मला त्यांनी दाखवली. सायकलच्या दांडीवर बसवून ते मला बी डिव्हिजनच्या मॅचला न्यायचे. बी डिव्हिजन म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही. शहरातले आणि आसपासच्या गावांतले संघ, थंडीतल्या रविवारी मॅच, खेळणारे कोणी वर्कशॉपमधले, कोणी दूध घालणारे. पेपरात निकाल छापून येत नाही. म्हणून तो लोकांच्या तोंडी राहतो, आणि तोंडी राहिलेला निकाल कधी संपत नाही. मैदानाच्या कोपऱ्यावर गोपालजींची चहाची टपरी आहे. गोपालजी आमच्या संघाचे सेक्रेटरीही आहेत. तिथे तीन वर्षांपूर्वीची पकड अजून सुटायची आहे.

टपरीवर काकांचं एक मत ठरलेलं होतं. चढाई करणाऱ्याचं सगळे कौतुक करतात, पकडणाऱ्याला कोणी विचारत नाही. गोपालजी म्हणायचे, "बाबूजी, पब्लिक रेड देखने आती है." काका म्हणायचे, "पब्लिक का क्या है, आग लगे तो भी देखने जाती है." मग दोन्ही बाजूंनी तासभर तोफा. काकांची दुसरी खोड लोकांना जास्त खुपायची. ते समोरच्या संघाच्या चांगल्या पकडीलाही टाळ्या वाजवायचे. बी डिव्हिजनमध्ये ही फॅशन नाही. "बाबूजी आज किसकी तरफ से आए हैं?" असा टोमणा दर रविवारी ठरलेला. काका हसायचे. आम्हीही हसायचो. पुढे हे हसणं कुठे जाणार आहे, ते तेव्हा कळलं नाही... किंवा कळून घेतलं नाही.

आता रेषेवरची रीत सांगते, कारण सगळं तिच्यावर फिरतं. बी डिव्हिजनला पंच येतो तो एकच. रेषेवर उभं राहायला वरून माणसं येत नाहीत. म्हणून प्रत्येक संघ आपला एकेक प्रेक्षक देतो, आणि त्याने नजर ठेवायची ती आपल्याच चढाईवाल्यावर. आपला माणूस बाहेर गेला, तर हात आपल्याच माणसाने वर करायचा. कागदावर हे फार सुंदर दिसतं. प्रत्यक्षात रेषेवरचा माणूस ऐन वेळी बुटाची नाडी बांधतो, नाहीतर त्याच्या डोळ्यांत धूळ जाते. हे सगळ्यांना माहीत असतं आणि दोन्हीकडून होतं, म्हणून भांडण होत नाही. मागचा माणूस गावी गेल्यामुळे यंदा काका आमच्या रेषेवर उभे राहिले. स्वतःहून नाव दिलं. पुढे हेही त्यांच्याविरुद्ध मोजलं गेलं: स्वतःहून का दिलं?

मॅच जवळच्या चौमूं गावच्या संघाशी होती. हरलो तर सी डिव्हिजनमध्ये उतरणार, बरोबरी झाली तरी राहणार. शेवटची चढाई, आम्ही एका गुणाने मागे, आणि चढाईला मुकेश. मुकेश आमचा हिरो. खेळाडूंच्या कोट्यातून रेल्वेत घेण्यासाठी त्याचं नाव तेव्हा चर्चेत होतं. मैदानाच्या दोन्ही कडांना लॉबीचे पट्टे असतात. समोरच्याला स्पर्श झाल्याशिवाय चढाईवाल्याने त्यात पाय टाकला की तो बाद. मुकेश कोपऱ्यातल्या पोराकडे झेपावला, हात पुढे, पाय पट्ट्यात, धुळीचा लोट, आणि तिथून उसळी मारून मधल्या रेषेवर परत. आम्ही नाचायला लागलो. एवढ्यात दिसलं, काका रेषेवर दोन्ही हात डोक्यावर सरळ करून उभे आहेत. झेंडी नसेल तर पॉइंट्समनने गाडी थांबवायची ती अशीच. कोणीतरी ओरडलं, "बाबूजी ने ट्रेन रोक दी!" क्षणभर हशा झाला. मग पंचाने शिट्टी मारली, मुकेशला बाद दिलं, आणि हशा थांबला.

पाय आधी गेला की हात आधी लागला? एवढाच प्रश्न. तो क्षण मोबाइलवर एकानेही टिपला नव्हता, त्यामुळे ज्याचा आवाज मोठा त्याचं उत्तर. गोपालजींचा आवाज मोठा होता. "हाथ पहले लगा! अंधे को खड़ा कर दिया!" संध्याकाळपर्यंत अंधेचं बिके हुए झालं. कोणी म्हणालं, मंगळवारी बाबूजींना चौमूंच्या बसमध्ये पाहिलं. कोणाला आठवलं, मॅचच्या आधी चौमूंचा एक म्हातारा त्यांच्या खांद्यावर हात ठेवून बोलत होता. टाळ्या तर सगळ्यांनाच आठवल्या.

तिसऱ्या दिवशी पत्रक निघालं. कॉलनी हिंदी वाचते, म्हणून हिंदीत: 'रेखा पर कौन खड़ा था? किसके लिए खड़ा था?' खाली पाच प्रश्न. आरोप एकही नाही. आमच्या संघटनेत हे पहिल्या आठवड्यात शिकवतात: आरोप करू नका, प्रश्न विचारा, उत्तर लोक स्वतः भरतात. इंजिनिअरच्या बंगल्यातल्या हिरवळीला पाणी कुठून येतं, असं विचारून आम्ही कॉलनीचा नळ सुरू करून घेतला होता. तेच हत्यार. झेरॉक्स काढून मी ते नोटीस बोर्डावर, टपरीवर आणि पाण्याच्या टाकीवर चिकटवलं. हो, मी. गोपालजींनी मला चहा पाजला आणि म्हणाले, "बिटिया, कलम में दम है." मला आनंद झाला. आता विचारते, सेक्रेटरीला एवढा आनंद कशाचा झाला होता? मुकेश खाली पाहून बिस्कीट चहात बुडवत होता. तो का बोलत नव्हता? माझ्या पाच प्रश्नांत हे दोन नव्हते.

आणि आणखी एक. मी त्या दिवशी त्या लॉबीच्या विरुद्ध बाजूला, पार लांब बसले होते. मला धूळ दिसली. बाकी काही दिसलं नव्हतं.

काकांनी मैदानावर येणं सोडलं. दुधाच्या बूथवर लोक त्यांना रांगेत पुढे जाऊ द्यायचे, आणि मागून बोलायचे. मार्चमध्ये भाजीच्या गाडीपाशी गाठ पडली. हातात मेथीची जुडी. मला पाहून थांबले. "लिहिते चांगली तू," ते म्हणाले. "पण मले विचारलं असतं, त सांगितलं असतं."

"मग आता सांगा. चौमूंला कशाला गेला होतात?"

त्यांनी मेथी पिशवीत घातली, पिशवीचे बंद सारखे केले. "आता नाही. आता सांगितलं त सफाई देल्यावानी होते." आणि गेले. मी घरी येऊन बाबांना म्हटलं, बघा, उत्तर टाळलं. बाबा जेवायला बसले होते, ताटावरून उठले... भाजीच्या गाडीपाशीची ती काकांची माझी शेवटची भेट.

काकांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना झाल्यावर मी शांताकाकूंजवळ जाऊन बसले. माफी मागायची होती, पण तोंडातून प्रश्नच निघाला. मंगळवारी ते चौमूंला का गेले होते? काकू म्हणाल्या, "रामस्वरूप म्हणून आहेत तिथं. सायकली दुरुस्त करतात. जाऊन इचार. तुले आमचं कुठं खरं वाटते."

गेले. सीकरच्या रस्त्याने बस, मग बाजार, मग चौकशी. दुकानात एक म्हातारा चाकाचे आरे सारखे करत होता. नाव सांगितल्यावर मान वर न करता म्हणाला, "पर्चे वाली? बैठिए. बाबूजी भी इसी स्टूल पर बैठे थे." हाच माणूस त्या दिवशी चौमूंच्या रेषेवर होता. काका त्याला मॅचच्या आधी भेटायला गेले, कारण रीत खरी पाळायची तर दोघांनी पाळायची, एकट्याने पाळली तर ती फसवणूक होते, असं त्यांचं म्हणणं. "बोले, आप अपने को निकालना, मैं अपने को. बाद में कोई रोना नहीं. और मैंने निकाला कि नहीं? पहले हाफ में हमारे लड़के का पैर बाहर गया, हाथ किसने उठाया? आप तो कूद रही थीं, मैंने देखा था."

उड्या मारत होते. आठवलं. पहिल्या डावात चौमूंच्या रेषेवरच्या म्हाताऱ्याने आपल्याच पोराविरुद्ध हात वर केला, तेव्हा सगळी कॉलनी 'वाह ताऊ' म्हणून ओरडली होती. त्याला कोणी विकत घेतलं, असं आमच्यापैकी एकानेही विचारलं नाही. मीही नाही.

तरी माझी सवय जाईना. मी म्हटलं, पण मॅचच्या आधी दोघांनी गुपचूप ठरवणं, ही साँठगाँठच, संगनमतच की. तो पहिल्यांदा हसला. "थी ना. ईमानदारी की साँठगाँठ थी. लिख दीजिए पर्चे में." मग चाक फिरवून बघत म्हणाला, चौमूं जिंकलं तरी त्यालाही त्यानंतर रेषेवर उभं केलेलं नाही. तिथे त्याला 'रेलवे का आदमी' म्हणतात.

परत येऊन मी मुकेशला गाठलं. त्याची रेल्वे भरतीची चाचणी झाली आहे, निकाल यायचा आहे. मी सरळ विचारलं, पाय आधी की हात आधी? "दीदी, हाथ लगा था." आधी की नंतर? त्याने बॅगेची चेन उघडली, लावली. "लगा तो था." याचा अर्थ काय, तो मी सांगणार नाही. त्याचा शब्द जसा मिळाला तसा ठेवते. गोपालजी लॉबीपासून दोन हातांवर बसले होते. त्यांना विचारलं तर म्हणाले, "टीम की बात है, बाहर नहीं जाएगी. और अब तो बाबूजी रहे भी नहीं." म्हणजे राहिले असते तर काही सांगण्यासारखं होतं का, गोपालजी?

गेल्या शनिवारी काकूंकडे गेले होते. त्यांनी कॅरम काढला. रोज जेवणानंतर दोघं खेळायची. काका स्वतःच्या चुका लगेच सांगायचे, बोट लागलं, सोंगटी हलली, परत ठेव. "चीड यायची मले," काकू म्हणाल्या. "म्हणायची, मले दिसलं नाही त तुम्ही काऊन सांगता? त म्हणायचे, मले दिसलं ना." आम्ही खेळायला बसलो. कुकरची शिट्टी झाली म्हणून काकू आत वळल्या, आणि माझ्या करंगळीचा धक्का लागून भोकाच्या कडेची पांढरी सोंगटी आत गेली. स्ट्रायकर अजून माझ्या हातातच होता. काकूंना दिसलं नव्हतं. मी थोडा वेळ तशीच बसले. किती वेळ, ते लिहीत नाही, कारण जेवढा लागायला हवा होता त्याहून जास्त होता. मग काकूंना हाक मारली, सांगितलं आणि सोंगटी काढून परत ठेवली. "बरं," एवढंच त्या म्हणाल्या, आणि त्यांनी त्यांची खेळी केली.

आता तुमच्याशी बोलते. कॉलनीतली मराठी घरं ही पुरवणी एकमेकांकडून मागून वाचतात, हे मला माहीत आहे. त्या रविवारी तुमच्यापैकी कितीतरी जण लॉबीच्या बाजूच्या सिमेंटच्या पायऱ्यांवर होते. शेंगा खात होतात, पोरांना मांडीवर घेऊन बसला होतात. मला दिसलं नव्हतं, तुम्हाला दिसलंय. तरीही माझं पत्रक तुम्ही वाचलंत, मान हलवलीत आणि घरी गेलात. काका चुकले असतील, असू शकेल. हात आधी लागला असं दिसलं असेल, तर तेही सांगा, मी काकांच्या नावासकट छापीन. पण काही न सांगता त्यांना विकलेला माणूस म्हणून सोडून देऊ नका. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता गोपालजींच्या टपरीसमोर या. स्वतःचं नाव घ्या, आणि काय पाहिलंत ते गोपालजींना, मुकेशला ऐकू जाईल अशा आवाजात सांगा. मी माझं सांगायला तिथे उभी असेन. या.

– सुजाता