मर्सिडीजच्या दोन बाजू

आमच्या मर्सिडीजला ते सिरॅमिक कोटिंग लावायचं की नाही, हा प्रश्न यंदाचा सगळा वसंत आमच्या अंगणात मुक्काम ठोकून होता. मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही. पण माझे दोन्ही भाऊ त्यात अडकले होते, म्हणून मीही अडकले.

थोरला नाझिफ. इकडे आमच्या श्कोदर शहरात थोरल्या भावाला बाचा म्हणतात, तो माझा बाचा. धाकटा सालिह. मधली मी, शेगा, नवरा गेल्यावर माहेरी परतलेली आणि या दोन दगडांच्या मध्ये येऊन बसलेली.

बाचा तरुणपणी तंबाखूच्या कारखान्यात होता. तेव्हाच्या कम्युनिस्ट राजवटीत स्वतःची गाडी ठेवायला बंदीच होती. एखाद्या बड्या साहेबाची काळी गाडी आली की आम्ही आपापल्या सायकली कडेला घेऊन उभे राहायचो. बाचा साहेबाकडे बघायचाच नाही. गाडीच्या पत्र्यात आकाश वाकडंतिकडं होऊन पळायचं, तिकडे त्याची नजर. "शेगे, ढग आत गेले बघ!" म्हणायचा. आई म्हणायची, या पोराच्या डोक्यात नुसता भुसा भरलाय.

पुढे ती राजवट गेली आणि दोघे भाऊ जर्मनीला गेले. एकाने विटा वाहिल्या, एकाने भांडी घासली, आणि दोघांत मिळून ही जुनी मर्सिडीज घेऊन बोटीने परत आले. रंग फिकट निळा. पहाटे उजाडलं म्हणावं की नाही असं वाटतं ना, तेव्हा आमच्या तळ्याचा जो रंग असतो, अगदी तोच. मी तर पहिल्या दिवशी हात लावायलाच घाबरले, वाटलं बोटं ओली होतील. बाचाने तिच्यातून पुढे कित्येक वर्षं राजधानीला, तिरानाला माणसं नेली-आणली.

पण आणल्या आणल्या ती उभी कुठे करायची? सालिह तळ्यावर मासे धरायला गेला होता तेवढ्यात बाचाने आईचं अंजिराचं झाड तोडून टाकलं. सालिह परतला आणि नुसता बुंधा बघत राहिला. जेवायला बसल्यावर त्याने भाकरीवर हात ठेवला. "बेसा! आजपासून या माणसाशी एक शब्द बोललो तर ही भाकर माझ्या घशात अडको." बाचा कसला मागे राहतोय? त्यानेही हात ठेवला. झालं! बेसा म्हणजे दिलेला शब्द. आमच्यातला माणूस घर विकेल, पण शब्द मोडणार नाही, मग तो कितीही रागाच्या भरात दिलेला असो. मोडणाऱ्याला चौकात कोणी कॉफी विचारत नाही. मला तर ती भाकर दोघांच्या टाळक्यात घालावीशी वाटली.

मात्र गाडी दोघांची. तेव्हा दर रविवारी सकाळी दोघे मेणाचा डबा आणि मऊ फडकी घेऊन अंगणात येणार. बाचा उजव्या बाजूला, सालिह डाव्या. आणि बोलणार. एकमेकांशी नाही हं, गाडीशी!

बाचा म्हणायचा, "मर्सिडीज, पलीकडच्याला सांग, त्याच्या पोराने मला फोन केला होता. बाप फोन का उचलत नाही विचारत होता."

"मर्सिडीज, सांग त्याला, पोराने दुपारच्या झोपेत फोन केला तर बाप कसा उचलेल?"

"झोपा म्हणावं. मासे येतील चालत घरी."

मी खिडकीशी अर्धवट झोपेत पडलेली असायची. त्या वेळी तळ्यावरचं धुकं अंगणात शिरलेलं असतं, चाकं दिसत नाहीत, गाडी नुसती तरंगत असते. दोन्ही बाजूंनी फडकी फिरत असतात आणि मधूनच आवाज येतात. मला वाटायचं, दोघे अजून लहान आहेत, नावेत बसलेत आणि वल्हं कोणाकडे यावरून भांडतायत. आठवड्यातला तोच एक तास मी सुखाने झोपायची.

यंदा बाचाचा उजवा खांदा धरला. हात छातीच्या वर जाईना. एका रविवारी तो दाराची काच पुसता पुसता म्हणाला, "मर्सिडीज, सांग त्याला, तळ्याच्या रस्त्यावर दाफिना उस्ताने दुकान उघडलंय. सिरॅमिक लावते. एकदा लावलं की चार-पाच वर्षं मेणाचं नाव नको. पाणी नुसतं थेंब थेंब होऊन घरंगळतं म्हणे."

पलीकडचं फडकं थांबलं. "मेण लावायलाच नको?" सालिह गाडीचं नाव घ्यायलाही विसरला. मग सावरून म्हणाला, "मर्सिडीज, सांग त्याला, त्याला हवं असेल तर लावू दे."

"सांग, मला काय! त्यालाच हवं असेल तर लावू."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. अरे, मेण गेलं तर रविवार गेला! गाडी चकचकीत उभी राहील आणि हे दोघे आपापल्या खोलीत भिंतीकडे बघत बसतील. आणि नाही लावलं, तर बाचाचा खांदा आज ना उद्या पुरताच बसेल, मग तरी कुठला रविवार? मला स्वप्नही पडलं. सगळं अंगण काचेखाली गेलंय, कोंबड्यासुद्धा. भाऊ तोंड उघडतायत, आवाज येत नाही, आणि मी वरून नखांनी काच खरवडतेय. जागी झाले तेव्हा उशी भिजली होती.

सालिहला चुलीपाशी गाठलं. "तुला हवंय का ते कोटिंग?"

"मला कशाला? त्याच्या खांद्यासाठी गप्प बसलोय."

"मग सांग ना त्याला तसं, मुखदुर्बळा!"

"कसं सांगू? बेसा आहे ना, आणि असलं काही गाडीतर्फे सांगतात का?" म्हणाला आणि कॉफी तशीच टाकून उठला.

बाचाला विचारलं, "रविवारी करशील काय मग?" तर म्हणे, "झोपेन." हा झोपणार! जन्मभर उघड्या डोळ्यांनी स्वप्नं बघितली, हा झोपणार!

शेवटी तिघं दाफिनाकडे गेलो. पुढे दोघे मुके, मागे मी. दाफिना आमच्याच गल्लीतली, हे काम परदेशात शिकून आलेली, म्हणून सगळे तिला उस्ता, म्हणजे कसबी कारागीर म्हणतात. तिने दुकानाचं दार ओढून घेतलं, अंधार केला आणि हातातला दिवा पत्र्यावरून हळूहळू फिरवला. दिव्यामागे निळा रंग सरकायला लागला. आपण तळ्याच्या बुडाशी उभे आहोत आणि वरून कोणीतरी आपल्याला शोधतंय, असं मला वाटलं. मग दिवा टपावर थांबला.

"हे काय, काका?"

टपावर पुढच्या काचेपासून थेट मागच्या काचेपर्यंत मधोमध वीतभर रुंदीचा पट्टा. पांढुरका, खडूसारखा, मेलेला. दोन्ही बाजू आरशासारख्या आणि मध्ये हा.

"ही बाजू कोण करतं?"

"मी," बाचा म्हणाला.

"आणि ती?"

"मी."

"मग मधलं?"

दोघांनी दोन दिशांना बघितलं. आता मला कळलं. हात मध्यापर्यंत नेला तर पलीकडच्या हाताला लागेल, म्हणून इतकी वर्षं दोघांनी मधलं सोडून दिलं होतं. आणि मी बावळट खिडकीतून बघत होते, मला टप दिसतच नव्हता.

"खरं सांगू का काका?" दाफिना म्हणाली. "कोटिंग म्हणजे काचेचा पापुद्रा. ऊन, मीठ, पाखरांची शीट, यांपासून वाचवतो. खडा उडाला तर ओरखडा पडणारच, गाडी धुवावी लागणारच. आणि खाली जे असेल ते तसंच बंद होऊन राहतं. या पट्ट्यावर मशीन फिरवलं तर रंग जाऊन पत्रा दिसेल. हाताने, हळूहळू घासून उजळला तर उजळला. मग या, मी आनंदाने लावीन. आज लावणं म्हणजे नुसती खराबी जपून ठेवणं."

येताना गाडीत सालिह एकदा खाकरला, तेवढंच.

पुढच्या रविवारी धुकं इतकं दाट होतं की मला खिडकीतून दोघे दिसेनात. म्हणून मी कॉफीचं भांडं घेऊन दारात आले. बाचाने डाव्या हाताने उजवं कोपर धरलं होतं आणि तो हात उचलून टपावर, मधोमध, ठेवला होता. पलीकडे सालिह माशांच्या खोक्यावर चढून वाकला होता. दोन फडकी बारीक बारीक गोल फिरत होती. गाडीशीही कोणी बोलत नव्हतं. फडकी जवळ येत गेली.

तेवढ्यात बाचाच्या खांद्यात जोराची कळ आली. चेहरा पांढराफटक पडला, ओठ दाताखाली गेला. हात टपावर तसाच अडकून राहिला, वर होईना की खाली घेता येईना. पण तोंडातून ब्र काढील तर शपथ!

"मर्सिडीज, त्याला सांग..." सालिहने सुरुवात केली आणि थांबला.

मग तो खोक्यावरून उतरला. गाडीला वळसा घालून अलीकडे आला. ज्या दिवशी झाड तोडलं त्या दिवसापासून एकाही रविवारी तो या बाजूला आला नव्हता. वाकून त्याने आपला खांदा बाचाच्या दंडाखाली दिला.

"बाचा," तो म्हणाला, "सोड. सगळा भार टाक माझ्यावर."

बाचाने हात सोडला. मान वळवून त्याने सालिहकडे बघितलं, इतक्या जवळून की दोघांची नाकं लागली असती.

"मला नीट ऐकू आलं नाही," बाचा गाडीला नाही, त्याला म्हणाला. "परत म्हण."