डोंग्यात उठून उभा राहिलो तो दिवस

बीएच्या शेवटच्या वर्षी आमच्या वर्गात एक खूळ होतं. जिल्ह्यातल्या त्या मोठ्या तलावावर जाऊन डोंग्यात, म्हणजे लहान लाकडी होडीत, बसून फोटो काढला नाही, तर कॉलेजात शिकून काय केलं, असं सगळे म्हणत. तलाव कसा आहे, हे मात्र कोणी सांगत नसे.

सव्वीस जानेवारीच्या सुट्टीत मी धाकट्या बहिणीलाही सोबत नेलं. तिला पोहता येत नव्हतं. दिघोरीच्या एसटीत बसवताना बाबा एवढंच म्हणाले, "तुह्या भरोशावर पाठवून राहिलो."

तलावावर अर्धा जिल्हा लोटला होता. काठावर द्रोण-पत्रावळींचा खच पडलेला, आणि उपटलेली कमळं पायाखाली. डोंगा चालवणारा म्हातारा ढिवर, म्हणजे तिथला कोळी, एरवी चौघांना नेत असे. त्या दिवशी पोरं रेटून चढली, आम्हीही चढलो. सात जण झालो. मी डोंग्याचा काठ पाहिला. पाण्याच्या वर जेमतेम चार बोटं. आमच्या गावच्या बोडीत, त्या लहानशा तळ्यातही, एवढ्यावर कोणी डोंगा लोटला नसता. पण भित्रा म्हणतील म्हणून मी गप्प बसलो.

तलावाच्या मधोमध असलेल्या टेकडीपाशी दोघं उतरले. तिथे परतीसाठी एक म्हातारे गृहस्थ थांबले होते. माझे शाळेतले गुरुजी! त्यांनीच बाबांना समजावून मला पुढे शिकायला लावलं होतं. त्यांनी डोंग्यात पाय ठेवला आणि मी "गुरुजी!" म्हणत ताडकन उठून उभा राहिलो. गुरुजी आले की उठायचं, एवढंच अंगात मुरलेलं.

डोंगा कलला. थंडगार पाणी आत आलं. बहिणीने माझा पायजमा घट्ट धरला. बाबांचं वाक्य माझ्या कानात वाजत होतं.

"बस खाली," ढिवर बांबू रोवत म्हणाला. "मास्तरले बुडवून नमस्कार करतं का बे?"

मी बसलो. गुरुजींनी पाय मागे घेतला आणि खडकावरच थांबले. काठ येईपर्यंत आम्ही ओंजळींनी पाणी उपसत होतो.

उतरल्यावर बहीण कंबरेपर्यंत ओली होती. मागे वळून पाहिलं, तर ओल्या डोंग्यात नवी पोरं चढत होती. आठ मोजली. ढिवराने मान हलवली. एकाने त्याला हसून मागे सारलं.

"दादा, आपण तलाव पाहाले आलो होतो ना?" बहीण म्हणाली. "मले तर पाणी सोडून काहीच दिसलं नाही."

गुरुजी पुढच्या फेरीने काठावर सुखरूप पोचेपर्यंत आम्ही तिथून हललो नाही.

पुढे मी शिक्षक झालो. सगळे जातात तिथेच सहल न्या, म्हणून मुलं दरवर्षी हट्ट धरतात. मी त्यांना सुट्टी नसलेल्या दिवशी, लहान तलावावर नेतो. डोंग्यात चौघंच बसतात. निघण्याआधी त्यांना सांगतो, "मी आलो तरी कोणी उठायचं नाही." मुलं हसतात. मी डोंग्याच्या काठाकडे पाहून बोटं मोजत असतो.