सरांनी दुसऱ्यांदा विचारलं

गुरुवार, फेब्रुवारीचा दुसरा आठवडा, दुपारी चार. हजर: आमचे निवृत्त सर, पहिल्या रांगेत डाव्या टोकाला, विभागप्रमुख, दोन प्राध्यापक, त्यातले एक उशिरा, पाच संशोधक विद्यार्थी, आणि मी. बोलणार होती आमची भोकरदनची विद्यार्थिनी. विषय, तिच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण.

अंबड रस्त्यावरच्या आमच्या छोट्या खगोलशास्त्र संस्थेतलं गुरुवारचं चर्चासत्र बरीच वर्षं माझ्याकडे आहे. कोण बोलणार, प्रोजेक्टर चालतो का, चहा सांगितला का, सरांना आणायला मस्तगडात त्यांच्या घरी गाडी कोण नेणार, हे सगळं मी बुधवारी यादी करून मार्गी लावते. मी स्वतः सरांची विद्यार्थिनी. इथल्या निम्म्या लोकांना शिकवलं तेही त्यांनीच.

त्या मुलीने दोन हिवाळे दुर्बिणीपाशी काढले होते. एका ताऱ्याचा उजेड अगदी किंचित कमी-जास्त होतो, एवढंच तिला दाखवायचं होतं. मार्चअखेर तिची शिष्यवृत्ती संपत होती. बंगळुरूला एका संस्थेने तिला जागा देऊ केली होती, पण त्याआधी प्रबंध दाखल झाला तरच. म्हणजे हे प्रकरण त्या दिवशी पार पडणं गरजेचं होतं.

आमच्याकडे पहिला प्रश्न सरांचा. ते हात वर करत नाहीत, चष्मा काढतात. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "हे ताऱ्याचं आहे की आपलं?"

आपलं म्हणजे आपल्या हवेचं, यंत्राचं, नाहीतर इथल्या स्टीलच्या कारखान्यांच्या उजेडाचं. प्रश्न रास्त होता आणि तिची तयारीही होती.

"सर, शेजारचे तारे बी मोजले. हवेचं असतं तर सगळेच हलले असते. हा एकटाच हलतो."

"बराबर," सर म्हणाले आणि त्यांनी चष्मा घातला.

ती पुढे बोलू लागली. दोन-तीन आलेख झाले असतील, तेवढ्यात सरांनी पुन्हा चष्मा काढला. "हे ताऱ्याचं आहे की आपलं?" तोच स्वर, मान तशीच किंचित कललेली.

खोलीत कोणी हललं नाही. त्याला कारण आहे. फार वर्षांपूर्वी बाहेरून आलेल्या एका पाहुण्या वक्त्याला सरांनी एकच प्रश्न दोनदा विचारला होता. पाहुणे हसले, आणि संध्याकाळी त्यांनाच आपल्या गणितात चूक सापडली. तेव्हापासून सरांनी दुसऱ्यांदा विचारलं म्हणजे उत्तर पास झालं नाही, असं इथे धरलं जातं. नव्या विद्यार्थ्यांना पहिल्याच आठवड्यात ही गोष्ट सांगतात. सांगते मीच.

तिने हातातला रिमोट टेबलावर ठेवला. "पुन्हा तपासते, सर."

"तपासावंच," सर खुशीत म्हणाले. मग विभागप्रमुखांकडे वळले. "तुम्ही डोळे मिटून ऐकता. मी उघडे ठेवून झोपतो. माझी पद्धत बरी, कोणाला कळत नाही." सगळे हसले. ती सोडून.

सत्र संपल्यावर मी सरांना जिन्याने खाली नेत होते. मधल्या पायरीवर त्यांनी माझा दंड धरला. "बाई, आज बोलणार कोण आहे?"

मी त्यांना गाडीत बसवलं. घरी पोचल्यावर काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, माझ्याकडे बघितलं आणि मला स्वयंपाकघरात नेलं.

"ध्यानात आलं ना तुमच्या?" त्या हळू म्हणाल्या. "दिवाळीपासून असं चालू आहे. डॉक्टरला दाखवलं. गोळ्या चालू आहेत, पण वाढतच जाणार म्हणाले."

"काकू, तिथे कोणालाच माहीत नाही."

"ठाऊक होऊ बी देऊ नका. बाकीचे सहा दिवस त्यांना वार कळत न्हाई. गुरुवारी मात्र सकाळीच इस्त्रीचा शर्ट मागतात. तिथून त्यांना उठवलं तर मंग काय राहील माझ्याकडं?"

मी मान डोलावली, म्हणजे शब्दच दिला.

माझ्यासारखीला काम दिसलं की त्याचे भाग पाडता येतात. मी तेच केलं. आधी त्या मुलीला बोलावलं आणि सांगितलं, तुझं उत्तर पुरेसं आहे, मी आकडे पाहिले आहेत, प्रकरण पाठवून दे. ती नम्रपणे म्हणाली, "तुम्ही म्हणता ते खरंय, मॅडम. पण सरांचं समाधान न्हाई झालं." मग तिचे मार्गदर्शक, म्हणजे विभागप्रमुख, यांच्याकडे गेले. ते म्हणाले, "सरांना दोनदा शंका आली म्हणजे काहीतरी असणार. नसलं तरी मी आज सही करू कशी? उद्या लोक मला विचारतील."

राहिला एक मार्ग. सरांनी स्वतः तिला 'ठीक आहे' म्हणायचं. रविवारी मी तिला घेऊन मस्तगडात गेले. सकाळची वेळ मुद्दाम ठरवली होती, कारण सकाळी सर जास्त ताजे असतात असं काकू म्हणाल्या होत्या.

आणि ते खरोखरच ताजे होते. त्यांनी तिला शेजारी बसवून सगळे आलेख उलगडून घेतले. एका ठिकाणी तिचा मुद्दा तिच्या आधी त्यांनी पुरा केला. मला वाटलं, आपण उगाच घाबरलो.

"उत्तम काम आहे," सर म्हणाले. "कोणाची विद्यार्थिनी ही?"

"तुमच्याच संस्थेतली, सर," मी म्हणाले.

"मग उत्तम असणारच. घरी काय करतात, पोरी?"

"बाबा शाळेत शिपाई आहेत, सर. आई शिवणकाम करते."

"त्यांना सांग, मी उत्तम म्हणालो."

तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा झाला. काकूंनी मोसंबी सोलून दिली. आम्ही निघालो, चपला घातल्या, सर दारापर्यंत सोडायला आले. तिथे त्यांनी चष्मा काढला.

"फक्त एक सांग. हे ताऱ्याचं आहे की आपलं?"

ती माझ्याकडे वळली. सरांच्या मागे काकू उभ्या होत्या, हातात सालांची ताटली. त्यांनी काही खूण केली नाही. नुसत्या बघत राहिल्या.

रिक्षात बसल्यावर तिने आलेखांचे कागद मांडीवर घेतले. मग म्हणाली, "तिसऱ्यांदा विचारलं, मॅडम. एवढं कौतुक केलं आणि तरी विचारलंच. म्हंजे नक्कीच कुठंतरी चुकलंय."

रिक्षा मोती तलावाजवळ सिग्नलला थांबली होती. सांगायला तेवढा वेळ पुरला असता. मी तिला विचारलं, जेवणार का.

पुढच्या गुरुवारी चारला दहा कमी असताना ती वर आली नव्हती. मी खाली संगणकाच्या खोलीत गेले. ती तिथेच होती, डोळे लाल, शेजारी डबा न उघडलेला.

"काय चाललंय?"

"ज्या रात्रींचा जरा बी संशय येतो, त्या काढून टाकून राह्यले. निम्म्या गेल्या."

पडद्यावरची रेघ मी पाहिली. आठवड्यापूर्वी तिच्यात चढ-उतार स्पष्ट होते. आता इतके थोडे ठिपके उरले होते की त्यातून काहीच सिद्ध झालं नसतं.

"त्या चांगल्या रात्री होत्या," मी म्हणाले.

"असतील, मॅडम. पण सरांना पटंल एवढंच ठेवायचंय."

मी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले. सुरुवात कशी करायची ते मनात जुळवलं होतं. तेवढ्यात फाटकापाशी ओळखीचा हॉर्न वाजला. सरांची गाडी. माझ्या आधी तीच उठली, ओढणी सारखी केली आणि त्यांना हात द्यायला धावत बाहेर गेली.

मी वर येऊन कामं पाहिली. वक्ता आलेला आहे. प्रोजेक्टरची वायर बदलली. चहा सांगितला. गाडीवाल्याला पुढच्या गुरुवारची वेळ दिली. तिला सांगणं बाकी.