लाल वाळू आणि खारं पाणी

लान्सी डाबरे वसईचा. ऐंशीच्या आसपास बहारीनला आम्ही एकाच प्लेटिंग शॉपमध्ये होतो. मी टाक्यांवर, तो मागच्या लाल वाळूवर. बोल्टांवर कॅडमियम चढवलं की ते धुतलेल्या पाण्यात ते विष उतरतं. समुद्राकडे सोडण्याआधी ते पाणी गंजाचा थर दिलेल्या वाळूतून जायचं. कॅडमियम गंजाला चिकटून राहायचं. वाळूत गाळ साचला की लान्सी ती टँकरच्या गोड्या पाण्याने धुवायचा आणि फावड्याने सारखी करायचा. उन्हात लोक कोपरे सोडून देतात. लान्सी सोडत नसे.

हे काम त्याला शिकवलं पुण्याच्या शैलेंद्रने, आमच्या केमिस्टने. "खाऱ्या पाण्यात क्लोराइड असतं. ते कॅडमियमला धरतं आणि गंजापासून सोडवून नेतं. वाळूला खारं पाणी लावायचं नाही." लान्सीने ते पक्कं धरलं.

शैलेंद्र एकटा राहायचा. शुक्रवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशी, आम्ही चर्चहून आलो की तोही लान्सीकडे जेवायला असायचा. "वहिनी, असे फुगे पुण्यात मिळाले असते तर इथे आलोच नसतो," तो लान्सीच्या बायकोला, आल्बिनाला म्हणायचा. ती मैद्याचे ते गोळे आणखी तळायची.

एका उन्हाळ्यात टँकर यायचे थांबले. वाळू तुंबली. शैलेंद्र म्हणाला, "समुद्राचा पंप लाव आणि धू."

लान्सी फावडं टेकून उभा राहिला. "साहेब, तुम्हीच शिकवलंत. सुटेल ना सगळं?"

"ऑर्डर अडकलीय. एकदाच कर. यल्ला, चल! काही झालं तर मी आहे ना."

मी शेजारी नळी धरून होतो.

लान्सीने धुतलं. नेहमीसारखं, कोपऱ्यांसकट. जितकं नीट धुतलं तितकं जास्त सुटलं. पुढच्याच तपासणीत नाल्याच्या पाण्यात कॅडमियम सापडलं.

मॅनेजर हाशिमने आम्हाला बोलावलं. "खारं पाणी कोणी लावायला सांगितलं?"

लान्सीने शैलेंद्रकडे पाहिलं.

"मी नेहमी गोडंच सांगतो," शैलेंद्र म्हणाला. "समुद्राकाठचा माणूस आहे. त्याला वाटलं असेल, पाणी ते पाणी."

"खोटं," मी म्हटलं. "मी तिथेच होतो."

"तू त्याचा गाववाला," हाशिम म्हणाला. "खलास."

लान्सीचा व्हिसा रद्द झाला. जाण्याआधी त्याने ती सगळी वाळू उपसली आणि नवी भरली.

"सोड रे, कोणासाठी करतोस?" मी विचारलं.

"बिघडलेलं काम माझ्या नावावर आहे ना, पॉल. तसं ठेवून कसा जाऊ?"

शेवटच्या शुक्रवारी आम्ही जेवायला बसत होतो. सवयीने आल्बिनाने शैलेंद्रचंही ताट मांडलं होतं. तो खरंच आला. दारातच म्हणाला, "लान्सी, माझी नोकरी गेली असती रे. समजून घे."

"नोकरीचं समजलं," लान्सी म्हणाला. "पण मला पाणी ते पाणी वाटतं, हे तुम्ही कसं बोललात? शिकवलं तर तुम्हीच."

शैलेंद्र चपला काढू की नको, अशा विचारात उभा राहिला.

आल्बिनाने त्याचं ताट उचललं आणि आत नेलं.