अक्कानं औषध घेतलं नव्हतं

दादाचा फोन आला तेव्हा मी नाशकात द्वारकेच्या सिग्नलला अडकले होते. "अक्कानं औषध घेतलं. सरकारी दवाखान्यात ये." शेतकऱ्याच्या घरात या वाक्याचा अर्थ विचारावा लागत नाही, फवारणीचं औषध. माझी थोरली बहीण शेवंतीच्या वाफ्यात सापडली होती, पाठीवर पंप, लुगडं सांडलेल्या औषधानं भिजलेलं. वय पंचेचाळीस, लग्न नाही, मूलबाळ नाही... गावानं जागीच निकाल लावून टाकला. पंचनाम्यात 'नैराश्यातून' हा शब्दही पंचांनीच सुचवला म्हणे, त्यांत आमचे मामाही होते.

नैराश्य, आणि आमच्या अक्काला! उंची साडेचार फूट, आवाज मात्र असा, की पंचवटीच्या फुलबाजारात ती क्रेटांमागे दिसायची नाही, पण सगळ्यांना ऐकू यायची. एका व्यापाऱ्यानं तिला विचारलं होतं, "घरातलं मोठं कोणी आलंय का?" ती म्हणाली, "मोठी मीच हाय. उंच माणसं घरी झोपलीत."

अक्काला टर्नर सिंड्रोम होता. बाईच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रं असतात, तिच्यात एकच होतं. पाळी येईना, उंची वाढेना म्हणून सोळाव्या वर्षी मुंबईला तपासण्या केल्या, तेव्हा कळलं. परत आल्यावर आईनं फाइल लुगड्यांच्या पेटीत टाकली आणि आम्हाला शपथ घातली, "कुणाला सांगायचं नाय. धाकटीचं लग्न अडंल." धाकटी म्हणजे मी. अडलं असतं तर अडलं असतं! फाइलमध्ये स्पष्ट लिहिलं होतं, हृदयाची तपासणी वरचेवर करा. आम्ही एकदाही केली नाही. जायच्या दोन दिवस आधी अक्का म्हणाली होती, "पाठीत फाटल्यावानी दुखतंय." मी म्हटलं, पंपाचं वजन असेल. याबद्दल मी स्वतःला कधीच माफ करणार नाही.

दवाखान्याआधी मी घर गाठलं आणि पेटीचं कुलूप फोडलं. आई नुसती बघत होती. शवविच्छेदनाच्या खोलीबाहेर मामांनी हात धरला. "आता गेल्यावर तिची अब्रू कशाला घालवते?"

"ती तुम्ही पंचनाम्यात घालवून आलात," मी म्हणाले आणि फाइल डॉक्टरीणबाईंच्या हातात दिली.

त्यांनी उभ्याउभ्याच वाचली. "बरं झालं आणलीत. आता काय शोधायचं ते कळलं." बऱ्याच वेळानं त्या बाहेर आल्या. हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, महाधमनी, फाटली होती. टर्नर असलेल्यांत तो धोका असतो. पोटात औषधाचा मागमूस नव्हता. नियमाप्रमाणे व्हिसेरा, म्हणजे आतल्या अवयवांचा नमुना, प्रयोगशाळेत गेलाय, त्याचा कागद यायचाय. पण मरणाचं कारण सापडलं होतं.

गावाला मात्र ते पटेना. दहाव्याला गोदाकाठी रिवाजाप्रमाणे श्रद्धांजलीचा माईक फिरत होता. एक पुढारी गहिवरून म्हणाले, "संसारसुख नशिबी नव्हतं, म्हणून बिचारीनं..." मी उठले. आमच्यात बायका माईक धरत नाहीत. मी त्यांच्या हातातून घेतला आणि सांगितलं, की अक्कानं औषध घेतलं नाही, ती फवारणी करता करता, काम करता करता गेली. आजाराचं नाव सांगितलं. ते आम्ही लपवलं, कुणासाठी लपवलं, तेही सांगितलं.

तेवढ्यात बायकांमधून आई उठली. मला वाटलं, आता ही मला खाली बसवणार.

"मागच्यांना नाय ऐकू गेलं," आई म्हणाली. "परत सांग. नावासकट."

मी परत सांगितलं.